गाव गाठायचा दिवस: खिंड ओलांडून, पाय शाबूत ठेवून मुक्कामी कसं उतरायचं

लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेवर चार-पाच दिवस काढले की शिधा संपत येतो, बॅटऱ्या उतरतात, कपड्यांना वास मारायला लागतो आणि नकाशावरचं पुढचं गाव डोळ्यांसमोर नाचू लागतं. त्या गावात उतरायच्या दिवशी सॅक सगळ्यात हलकी असते, तरी घोटा मुरगळतो तो बहुतेकदा याच दिवशी. चार दिवसांचा थकवा पायांत असतो, सगळ्यात मोठा उतार शेवटी येतो आणि डोकं पायांच्या आधीच गावात पोहोचलेलं असतं. म्हणून या दिवसाची आखणी उलटी करायची. गावात किती वाजता असायला हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत पहाटेपर्यंत यायचं.

आधी घड्याळ

गावातलं कुठलं दार सगळ्यात आधी बंद होतं ते माहीत हवं. पुढच्या टप्प्याचं पार्सल टपाल कचेरीत पडलेलं असेल तर कचेरीची वेळ महत्त्वाची, गॅसचा डबा घ्यायचा असेल तर तो ठेवणाऱ्या दुकानाची. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, कचेरीला कुलूप लागल्यावर अर्ध्या तासाने पोहोचलात, तर पुढचा सबंध दिवस पार्सलची वाट बघण्यात जातो. डोंगरात वाराचं भान राहत नाही. त्यामुळे नकाशाच्या कोपऱ्यात तारखेशेजारी वारही लिहून ठेवावा.

समजा, तीन वाजता गावात असायचं आहे. अंतर १८ किलोमीटर, मध्ये एक खिंड, अलीकडे ७०० मीटर चढ, पलीकडे १,४०० मीटर उतार. वेळ काढायला नाइस्मिथचा नियम अजूनही सगळ्यात सोपा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर ३ मैलांना एक तास आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात ५ किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाला एक तास. हा वेग धडधाकट माणसाचा, हलक्या ओझ्याचा आणि मध्ये कुठेही न बसता चालण्याचा आहे. पाठीवर मुक्कामाची सॅक असेल तर ताशी ४ किलोमीटर धरा.

१८ किलोमीटरचे साडेचार तास. चढाचे एक तास दहा मिनिटं. उतारही फुकटात मिळत नाही: १२ अंशांहून तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवायची. ही दुरुस्ती एरिक लँगमुयर यांची. त्यांच्या हिशोबात सौम्य उतारावर तेवढीच मिनिटं वजा होतात, पण थकलेल्या पायांनी ती वजाबाकी न धरलेलीच बरी. उतारापैकी ९०० मीटर तीव्र असेल तर अर्धा तास वाढला. इथवर सहा तास दहा मिनिटं. दर तासाला दहा मिनिटं टेकायचं म्हणजे एक तास, पाणी आणि जेवण मिळून चाळीस मिनिटं, राखीव एक तास. सगळे मिळून आठ तास पन्नास मिनिटं. तीनला पोहोचायचं तर सहा वाजून दहा मिनिटांनी पहिलं पाऊल पडलं पाहिजे आणि त्यासाठी पाचला उठलं पाहिजे.

हा आकडा गेल्या चार दिवसांच्या प्रत्यक्ष वेळांशी ताडून बघा. नियमाने सहा तास निघतात त्या वाटेला तुम्हाला रोज सात लागत असतील तर आजही सातच लागणार. गावाच्या ओढीने वेग वाढतो हा समज पहिल्या तासापुरता खरा असतो.

वाटेत एक वेळ पक्की करून ठेवायची, ती खिंडीची. खिंड सहा किलोमीटरवर असेल तर वरच्या हिशोबाने सव्वानऊ-साडेनऊपर्यंत माथ्यावर असायला हवं. साडेदहा झाले म्हणजे राखीव तास संपला. अकरा वाजले असतील तर तीनचं गाव गेलं. तो निर्णय तिथेच घ्यायचा: दुकान उद्या, आज उतरून पाण्याजवळ तंबू. हे न करता उरलेल्या वाटेवर तासभर वाचवायला गेलेली माणसं तो तास उतारावरच वाचवू बघतात, आणि उतारावर वेळ वाचत नसतो.

जमलं तर आदल्या रात्रीचा मुक्काम गावापासून दहा-बारा किलोमीटरवर पडेल असं बघा. मग सकाळीच गावात पोहोचता येतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघता येतं. एका रात्रीच्या खोलीत जवळजवळ दीड दिवसाची विश्रांती होते. लांब पल्ल्याचे चालणारे अशा अर्ध्या दिवसाला ‘निअरो’ म्हणतात, अजिबात न चालण्याच्या दिवसाला ‘झिरो’. शरीराला पूर्ण झिरोची गरज नसेल तर निअरोच किफायतशीर. खिंड मध्ये आली की मात्र हे दर वेळी जमत नाही.

आदली संध्याकाळ

उरलेलं सगळं अन्न जमिनीवर मांडा. शेवटची रात्र म्हणून सगळं संपवून टाकायचा मोह होतो. सकाळचा नाश्ता, चालताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा कोरडा खाऊ, दुपारचं जेवण, आणि यापलीकडे एक वेळचं न शिजवता खाता येईल असं राखीव, एवढं बाजूला काढल्यावर जे उरेल ते खा. राखीव अन्न गावात पोहोचल्यावर उरलं तर ते वाया गेलं असं मानू नका, पुढच्या टप्प्यात ते पुन्हा राखीवच होतं.

दुकानाची यादी याच वेळी करायची. यादी गावात करायची म्हटली की भुकेने तिप्पट सामान उचललं जातं आणि पुढचे दोन दिवस ते पाठीवर बसतं. पुढच्या गावापर्यंतचं अंतर भागिले आपलं रोजचं अंतर, म्हणजे दिवस, त्यात अर्धा दिवस वाढवायचा. ९६ किलोमीटर, रोज २४, म्हणजे चार अधिक अर्धा. माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न धरलं तर साडेतीन-चार किलोच्या आसपास जातं. वजन कमी ठेवायचं तर स्निग्ध पदार्थ वाढवायचे, कारण एका ग्रॅममागे कर्बोदकांत ४ किलोकॅलरी असतात आणि स्निग्धांत ९. या टप्प्यात काय उरलं आणि कशाची शिसारी आली तेही यादीच्या शेवटी लिहा. तिसऱ्या दिवशी नकोसा झालेला पदार्थ पुढच्या टप्प्यातही तिसऱ्या दिवशीच नकोसा होतो.

मोबाइल विमान मोडवर टाका. डोंगरात रेंज शोधत राहिलेला फोन रात्रीतून बॅटरीचा फडशा पाडतो. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेला असला तरी महत्त्वाचे पाच-सहा आकडे कागदावर हवेत: खिंडीची उंची, शेवटचं खात्रीचं पाणी, वाटा फुटतात त्या जागा, डांबरी रस्ता लागतो तो किलोमीटर. थंडी असेल तर फोन, पॉवर बँक आणि पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला की आतल्या नळ्यांना चिरा जातात. बाहेरून काही दिसत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, फक्त ते गाळलेलं नसतं.

सॅक भरताना

रोजचीच पद्धत: तळाशी स्लीपिंग बॅग, जड वस्तू खांद्याच्या पात्यांच्या मध्ये पाठीला चिकटून, पावसाळी कपडे वर. आज शिधा संपल्यामुळे मधला भाग पोकळ पडतो आणि सॅक उतारावर डुलायला लागते. ती पोकळी जाड कपड्यांनी भरा आणि बाजूचे पट्टे आवळा. पैसे, ओळखपत्र, चार्जर, यादी आणि कचऱ्याची पिशवी वरच्या कप्प्यात.

तंबूच्या आतल्या बाजूला दव साचलेलं असेल तर फ्लायशीट, म्हणजे तंबूचं बाहेरचं आवरण, झटकून, पुसून सॅकच्या बाहेरच्या जाळीत ठेवा. दुपारी उन्हात वीस मिनिटं पसरली की सुकते. ओली आत कोंबलीत तर गावात जाईपर्यंत स्लीपिंग बॅगही दमट झालेली असते.

निघताना अंगावर एक थर कमी घाला. पहिल्या दहा मिनिटांत थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार कपड्यांत चढायला सुरुवात केली की अर्ध्या तासात आतला थर घामाने भिजतो आणि तो ओला थर घेऊन वाऱ्याच्या खिंडीत उभं राहावं लागतं.

चढ आणि खिंड

चढावर एकच कसोटी: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास लागत असेल तर पावलं लहान करा, थांबू नका. दहा मिनिटं धावल्यासारखं चढून पाच मिनिटं धापा टाकण्यापेक्षा एकसारखी संथ चाल वेळेत पोहोचवते आणि मांड्या उतारासाठी शिल्लक राहतात.

लवकर निघण्यामागे घड्याळाखेरीज डोंगराचीही कारणं आहेत. बर्फ वितळून वाहणारे ओढे पहाटे सगळ्यात कमी असतात आणि दुपारनंतर फुगतात. सकाळी घट्ट असलेल्या बर्फाच्या पट्ट्यात दुपारी मांडीपर्यंत पाय जातो. ओढा ओलांडायचा असेल तर अरुंद जागा बघू नका, तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं. पात्र रुंद होतं तिथे उतरा. सॅकचा कमरपट्टा आणि छातीपट्टा मोकळा करा, म्हणजे पडलात तर सॅक सोडता येते. बूट पायातच ठेवा, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी पुढे टेकवून आडवं सरका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर मागे फिरा.

दुपारच्या ढगांवर लक्ष हवं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खिंड, सोंड, मोकळा माथा सोडून खाली उतरायचं. एकटं झाड, कड्याच्या पायथ्याची उथळ कपार, पाण्याचा काठ, या जागा टाळा. गटात असाल तर एकमेकांपासून लांब लांब थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर चढायचं नाही.

पाणी गावाकडे घाण होत जातं

वरून खाली येताना हे विसरायला होतं. खिंडीखालच्या झऱ्यावर कुणी फिरकलेलं नसतं. पुढे गुरांची कुरणं, मग शेतं, मग वस्ती. जीवजंतू फिल्टरने अडतात, शेतातली औषधं अडत नाहीत. त्यामुळे शेवटचं पाणी शेतांच्या वर भरायचं. वरच्या झऱ्यावर पोटभर प्या आणि उरलेल्या तासांसाठी तासाला अर्धा लिटर या हिशोबाने घ्या, ऊन कडक असेल तर पाऊण ते एक लिटर. खिंडीपलीकडे लगेच पाणी असेल तर अलीकडून ते वाहून नेऊ नका, एक लिटर म्हणजे एक किलो.

उकळायचं तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्यांनी जिवाणू-विषाणूंना अर्धा तास पुरतो, क्रिप्टोस्पोरिडियम या पोट बिघडवणाऱ्या परजीवीला चार तास लागतात. उशिरा पोहोचण्याच्या दिवशी चार तास कुणी थांबत नाही, म्हणून गोळ्या असतील तर पहाटेच टाका. तरीही वाटेवरच्या बऱ्याच जुलाबांचं मूळ पाण्यात नसतं, हातांत असतं. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा. अल्कोहोलचं जेल जुलाब-उलट्या लावणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसं चालत नाही. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल, पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर लांब.

उतार

दिवसाचं खरं काम इथे सुरू होतं. खिंडीत पाच मिनिटं बसून बुटांच्या नाड्या पूर्ण सोडा आणि नव्याने बांधा. टाच दगडावर हलकी आपटून मागे सरकवा, मग पंज्यावर नाडी सैलसर, घोट्याच्या वळणावर मात्र दोनदा पीळ देऊन घट्ट. तो पीळ नाडीला जागीच धरतो, वरून सैल झाली तरी पंजा पुढे सरकत नाही. हे केलं नाही की दर पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आदळतात आणि दोन दिवसांनी अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं आदल्या मुक्कामीच कापलेली हवीत, सरळ रेषेत, कोपरे न खणता.

काठ्या चढाच्या मापापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर लांब करा. काठी पावलाच्या आधी पडली पाहिजे. तिचा पट्टा मनगटात अडकवून चालायचं असेल तर दगडांच्या फटी असलेल्या भागात तो सोडा. फटीत अडकलेली काठी मनगटाला धरून ठेवते आणि माणूस पुढे जातो.

पावलं लहान. एका मोठ्या पायरीऐवजी दोन छोट्या. पाय टेकताना गुडघा किंचित वाकलेला. सरळ, ताठ गुडघ्यावर उतरलात की सगळा धक्का सांध्यात जातो. वाकलेल्या गुडघ्यावर तो मांडीच्या स्नायूंवर येतो. हे स्नायू उतारावर ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि असं काम केलेले स्नायू एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त ठणकतात. दुसऱ्या दिवशी गावातल्या जिन्यावरून कठड्याला धरून उतरावं लागतं ते यामुळे.

घसाऱ्यावर भीतीने अंग मागे झुकतं. तेच चुकतं. वजन टाचेच्या मागे गेलं की तळव्याची पकड सुटते आणि माणूस बसका घसरतो. नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे, गुडघे सैल, पाऊल थोडं तिरकं, आणि तळवा एकदम पूर्ण टेकलेला. मुरुमाचा थर पातळ असून खाली कातळ असेल तर त्यावर गोट्यांवर चालल्यासारखं होतं, तिथे वाटेच्या कडेचं गवत किंवा रोवलेला दगड शोधा. ओलं मूळ आणि शेवाळलेला दगड यांवर आडवं पाऊल टाकू नका. गट असेल तर घळीत एकाच्या बरोबर खाली दुसरा चालायचा नाही, सुटलेला दगड सरळ खालच्या माणसावर जातो. दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडायचं, मागे वळून बघत बसायचं नाही.

वळणावळणाच्या वाटेला मध्ये छेदणारे शॉर्टकट टाळा. पाण्याला तीच चर सापडते आणि पुढच्या पावसात वाट वाहून जाते. शिवाय शॉर्टकट मारून वाचलेले दोन मिनिटं पुढच्या घसरणीत जातात. गावाजवळ ढोरवाटा वाढतात. मळलेली दिसते म्हणून चालत राहिलं की ती कुरणात किंवा पाणवठ्यावर जाऊन संपते. दहा मिनिटं खुणेचा दगड किंवा रंगाची खूण दिसली नाही की शेवटच्या खुणेपर्यंत परत जायचं, अंदाजाने आडवं घुसायचं नाही.

खाली येताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढतं. १,४०० मीटर उतरलात म्हणजे नऊ अंश. उतार अर्धा झाला की एकदा थांबा, थर उतरवा, मोजे काढून पाय वाऱ्याला धरा, काहीतरी खा. गाव दिसायला लागतं ते बहुधा इथूनच. कौलं, धूर, मोबाइलचा मनोरा. दिसणारं गाव अजून दोन तास लांब असू शकतं, आणि या दोन तासांत मांड्या थरथरत असतात. थरथर सुरू झाली की पाय अचूक पडणं संपतं. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभ्यानेच थांबलात तरी फरक कळतो.

तळव्याला चटका लागला की तिथल्या तिथे

फोड येण्याआधी एक जागा गरम लागते. ‘पुढच्या ओढ्यावर बघू’ म्हटलं की ओढ्यावर फोड तयार असतो. लगेच बसा, बूट-मोजा काढा, जागा कोरडी करा, खडा किंवा मोज्याची सुरकुती झटका. चिकटपट्टी कापताना कोपरे गोल करा, टोकदार कोपरे मोज्याला अडकून सुटतात. पट्टी जागेच्या बाहेर दोन सेंटिमीटर गेली पाहिजे आणि तिला एकही चुणी नको. चुणी म्हणजे नवा फोड. लावल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा, उबेने गोंद बसतो.

फोड आलाच असेल आणि लहान, न दुखणारा असेल तर फोडू नका, फक्त झाका. मोठा आणि चालू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला छिद्र पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि निर्जंतुक पट्टी लावा. भोवती लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर गावात पहिलं काम डॉक्टर.

डांबरी रस्ता

शेवटचे चार-सहा किलोमीटर रस्त्याचे असतील तर पाय इथे सगळ्यात जास्त कुरकुरतात. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, डांबरावर हजारो पावलं अगदी एकसारखी पडतात आणि तीच जागा घासत राहते. रस्त्याला लागण्यापूर्वी मोजे बदला, घोट्याजवळचा पीळ सोडा, कारण पाय सुजलेले असतात. काठ्यांना रबरी टोपणं लावा किंवा त्या सॅकला बांधा. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चाला. आंधळ्या वळणावर मात्र वळणाच्या बाहेरच्या अंगाला जा आणि पुढे पुन्हा आपल्या बाजूला या. संधिप्रकाशात हेडटॉर्च लावा, तुम्हाला दिसत असलं तरी चालकाला तुम्ही दिसत नसता.

रेंज आली की तिथेच थांबून ‘पोहोचतोय’ असा निरोप टाका. घरच्यांना ‘आठपर्यंत निरोप आला नाही तर फोन फिरवा’ असं सांगून ठेवलेलं असतं, आणि खोलीत आडवं झाल्यावर तो निरोप हमखास राहतो. नुसता मजकूर कमी रेंजमध्येही जातो, कॉल लागेलच असं नाही.

गावात

बंद होणाऱ्या दारांची कामं आधी. त्यानंतर खोली, आणि खोलीत पाऊल टाकताच पॉवर बँक भिंतीला लावायची, फोन नंतर. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक जुन्या ५ वॉटच्या चार्जरवर आठ-दहा तास घेते, १८ वॉटच्या वेगवान चार्जरवर तीन-चार, अर्थात पॉवर बँकेला तो वेग पेलत असेल तर. लक्षात ठेवा, तिच्यावरच्या आकड्याचे साठ-पासष्ट टक्केच फोनला मिळतात. म्हणजे ४,५०० च्या फोनला साधारण दीड वेळा.

आधी थोडं खा. चार दिवस मोजून खाल्लेल्या पोटात एकदम तेलकट ताट ओतलं की रात्र संडासात जाते. हलकं काहीतरी आणि भरपूर पाणी, तासाभराने जेवण. शिध्याच्या दुकानात जायचं ते जेवल्यावर.

स्लीपिंग बॅग आणि तंबू लगेच उघडून पसरवा. बुटांचे आतले तळवे काढून बुटांत कागद भरा, तासाने कागद बदला. हीटरजवळ किंवा चुलीजवळ वाळवलात तर सोलचा गोंद सुटतो आणि ते कळतं पुढच्या खिंडीत. आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागच्या खळग्या आणि केसांच्या मुळाशी गोचीड आहे का ते चाचपा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका.

गॅसचा डबा किती उरला ते हलवून कळत नाही. रिकाम्या डब्याचं वजन कुणाला तरी विचारून किंवा आधी मोजून डब्यावरच लिहून ठेवलं तर कुठल्याही स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गॅस निघतो. काटा नसेल तर डबा पाण्यात सोडा. भरलेला खोल बुडतो, रिकामा वर तरंगतो. नवा डबा पहिल्यांदा पाण्यात सोडताना पाण्याची रेघ आखून ठेवली तर पुढे तुलना करता येते. वारा अडवून, झाकण ठेवून अर्धा लिटर पाणी उकळायला सात ते दहा ग्रॅम गॅस जातो, त्यावरून पुढचे दिवस काढा. हे डबे साध्या टपालाने पाठवता येत नाहीत, तेव्हा पार्सलमध्ये त्यांचा भरवसा धरू नका.

सामान आणल्यावर खोके, पुठ्ठे, जादा प्लास्टिक इथेच टाका आणि दिवसागणिक पिशव्या भरा. पहिल्या दिवसाची पिशवी सगळ्यात वर. ताजं आणि जड ते पहिल्या दिवशी, कोरडं आणि हलकं शेवटी. जुनी राखीव पिशवी तळाशी.

निघताना भिंतीवरचा प्रत्येक सॉकेट बघा, मग पलंगाखाली, मग न्हाणीघरातली वाळत घातलेली मोज्यांची जोडी.